नाल्यात विष सोडणाऱ्यांना शेवटचा इशारा

प्लेटिंगचे आणि बॅटऱ्यांचे सांडपाणी प्रक्रिया न करता नाल्यात सोडणाऱ्या कारखानदारांनो, त्याच नाल्याला पंप लावून पालक, माठ, मुळा पिकवला जातो. मुंबईतले रेल्वेरुळांकडेचे मळे तुम्हीही पाहिले आहेत. यापुढे ‘माहीत नव्हते’ ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.

झाड विष बाहेरच ठेवील, या भरवशावर राहू नका. मुळांतले आयआरटी-१ हे प्रथिन लोह आत ओढते. लोह कमी पडले की झाड ते वाढवते. पण त्याच दाराने जस्त, मँगनीज, कोबाल्ट येतात आणि तुमच्या सांडपाण्यातले विषारी कॅडमियमही शिरते. जस्त-मँगनीज अति झाले तर पेशी हे प्रथिन आपल्या पृष्ठभागावरून काढून आत नेते आणि मोडून टाकते. एवढी शिस्त असूनही कॅडमियम पुरते अडत नाही. भातात ते मँगनीज वाहणाऱ्या एनरॅम्प-५ प्रथिनातून घुसते. आत आलेल्या कॅडमियमला झाड फायटोकेलॅटिन नावाच्या रेणूंनी जखडते आणि पेशीतल्या रिक्तिकेत कोंडते. त्यामुळे झाड तगते, पान हिरवेगार राहते आणि बाजारात कोणालाच संशय येत नाही. जुडी कितीही धुतली, शिजवली तरी पेशीतला धातू नाहीसा होत नाही. माणसाच्या मूत्रपिंडात साठलेले कॅडमियम निम्मे व्हायलाच दहा ते तीस वर्षे लागतात.

जपानमधल्या तोयामा भागात जिन्झू नदीकाठी खाणीतले कॅडमियम भातात उतरले. मूत्रपिंडे निकामी झाली, बायकांची हाडे साध्या हालचालीने मोडू लागली. हा प्रदूषणाचा रोग असल्याचे सरकारने १९६८ साली मान्य केले. तिथल्या शेतजमिनी दुरुस्त करण्याचे काम २०१२ साली संपले!

मळेवाल्यांवर आमचा रोख नाही. त्यांना दुसरे पाणी कोणी दिलेच नाही.

येत्या पावसाळ्याआधी प्रक्रिया न केलेले पाणी सोडणे बंद करा आणि सांडपाण्याचे तपासणी अहवाल कारखान्याच्या फाटकावर लावा. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम २४ ओढा, विहीर, गटार, जमीन यांत विषारी द्रव्य सोडायला मनाई करते. मुदत टळली तर ही भाजी खाणारे आम्ही पाणी, माती आणि भाजीचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेऊ, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करू आणि पुण्यातल्या राष्ट्रीय हरित लवादात दाद मागू. तिथे प्रत्येक कारखान्याचे नाव घेतले जाईल.