वर्ग सोडणारे पळपुटे नव्हेत

'गुरुजी हळदीच्या आडतीवर' या पत्रात शाळा सोडून हळदीच्या व्यापारात जाणाऱ्या शिक्षकांना पळपुटे म्हटले आहे. पत्रलेखकाने पगाराचा हिशेब केलेला दिसत नाही. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले; त्याआधी महिना ६,००० होते. तेही जिल्हा परिषद व अनुदानित शाळांत. विनाअनुदानित शाळेत 'अनुदान येईल' या आशेवर राबत आमच्या हिंगोली जिल्ह्यातले कित्येक बी.एड.धारक चाळिशीला टेकले.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून, प्रतवारी लावून विकायची तर जमाखर्च चोख ठेवणारा आणि चार माणसांत न अडखळता बोलणारा माणूस लागतो. फळ्यापुढे उभ्या राहिलेल्याला दोन्ही येते. आणि हो, वर्षा गायकवाडही प्राध्यापकीतून राजकारणात गेल्या. शालेय शिक्षणमंत्री झाल्या, हिंगोलीच्या पालकमंत्रीही. त्यांना कोणी पळपुट्या म्हटल्याचे ऐकिवात नाही!

पत्रलेखकाला वाटणारी ओस वर्गांची काळजी रास्त आहे. मात्र वर्ग ओस का पडले, हा जाब त्याने बिनपगारी राबवून घेणाऱ्या संस्थाचालकांना विचारावा.

– एक माजी शिक्षक, वसमत (जि. हिंगोली)