चार्जर नको, गोधडी काढ!

मागच्या शनिवारी आम्ही चौघे भुशीला एका भाड्याच्या बंगल्यात मुक्कामाला होतो. धरणावरची गर्दी टाळून नुसता पाऊस बघायचा बेत. रात्री झोपताना मी लॅपटॉप टेबलावर चार्जिंगला लावला, तर मित्र ओरडला, "अरे रात्रभर ठेवतोयस? फुटेल ना!"

हा गृहस्थ माझ्यासारखाच सॉफ्टवेअरवाला. आणि हे बोलताना स्वतःचा लॅपटॉप कुठे? गोधडीवर. अडॅप्टर उशीखाली. आता बोला!

हे 'रात्रभर ठेवू नका' प्रकरण मला मुळीच पटत नाही. लिथियम-आयन सेल साधारण ४.२ व्होल्टला पोचला (काही थोडे वर जातात) की आतलं सर्किट चार्जिंग बंद करतं. रात्र आहे की दिवस, त्याला काय कळतंय? २००६ मध्ये डेलने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, त्याचं कारण होतं सेल बनवताना आत राहिलेले धातूचे बारीक कण. कुणी प्लग काढायला विसरलं म्हणून नव्हे.

हां, सतत १०० टक्क्यांवर आणि गरम राहिली तर बॅटरी लवकर म्हातारी होते, हे खरं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घालता येते, ती घाला. पण हा खिशाचा प्रश्न झाला, आगीचा नाही. (बॅटरी फुगून टचपॅड वर आलं असेल तर मात्र दिवसाही चार्जिंगला लावू नका. सरळ बदला.)

आग लागते ती उष्णतेला वाट मिळाली नाही की. गोधडी खालची जाळी बंद करते, उशी अडॅप्टर शेकते. आणि भिंतीकडे तर कुणी बघतच नाही. त्या बंगल्यात स्विमिंग पूल होता, पण सॉकेट काळं पडलेलं, प्लग हलवला की चर्रर्र. भिंतीला ओल. जोडीला अर्थिंग नसलेला टू-पिन कन्व्हर्टर. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या! ती तिसरी जाड पिन काय शोभेला असते? मालकाला विचारलं तर म्हणे, "आजवर कुणाची तक्रार नाही."

याच लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीला वीज काढली. शंभरावर वर्षं झाली राव, आणि इथे अजून अर्थिंगची वायर पोचली नाही!

मी दुसऱ्या खोलीतलं धड सॉकेट शोधून माझा लॅपटॉप तिथे लावला. मित्राचा गोधडीवरून उचलला आणि स्वयंपाकघरातल्या पोळपाटावर ठेवला. पोळपाटाला पाय असतात, खालून हवा खेळते. सकाळी पोळ्यांच्या वेळी सगळं घर पोळपाट शोधत होतं.