मुलाच्या डोक्यावरचा तुरा



गेल्या महिन्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. चार दिवस आधी आमचा धाकटा, अर्हम, पुण्याहून आला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून मी पानं वाढत होते. तो दारातून आत आला आणि सासूबाईंचा घास हातातच राहिला. दोन्ही बाजूंनी डोकं तासलेलं, आणि मधोमध कपाळापासून मानेपर्यंत तीन बोटं रुंद, ताठ उभे केस.

"आरं, हे काय कोंबड्याच्या तुऱ्यासारखं?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, मोहॉक म्हणतात ह्याला."

ह्यांनी नुसतं एकदा वर पाहिलं. "उद्या सकाळी माझ्याबरोबर सलूनमध्ये चल. सगळं एकसारखं करून घेऊ. लग्नात चार पाहुणे येणार आहेत."

अर्हम काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली, कारण सहा वर्षांपूर्वी तीच नजर मी थोरल्याच्या डोळ्यांत पाहिली होती. तेव्हा चुकीच्या बाजूला मी होते.

थोरला सन्मती तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याने केस कानाखाली येतील इतके वाढवले होते. दशलक्षण पर्वात मंदिरातल्या कार्यक्रमात त्याला पुढे उभं राहायचं होतं. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हात धरून सलूनमध्ये नेलं. तो खुर्चीतून उठायला लागला, तेव्हा मी मागून त्याचे दोन्ही खांदे दाबून धरले आणि म्हणाले, "कापा." मशीन फिरलं. तो रडला नाही, फक्त आरशात माझ्याकडे बघत राहिला. कार्यक्रमाला सगळ्यांनी "आता कसा छान दिसतोय" म्हटलं. क्षमावाणीच्या दिवशी तो सगळ्यांच्या पाया पडला, सगळ्यांना उत्तम क्षमा म्हणाला. मला नाही म्हणाला. त्यानंतर तो आमच्याबरोबर मंदिरात येणं हळूहळू बंद झालं. आज बेंगळुरूला नोकरी करतो. मागे एकदा फोनवर मी सहज विषय काढला, तर म्हणाला, "आई, केसांचं काही नव्हतं गं. केस आले की परत. तू मला धरून ठेवलंस, ते विसरत नाही."

म्हणून त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "सलूनचं उद्या बघू. आधी त्याला जेवू दे."

रात्री अर्हमला जवळ बसवलं आणि विचारलं, हे आहे तरी काय, आणि ह्याला मोहॉक का म्हणतात? त्याला फॅशनचं सगळं माहीत होतं, नावाचं काहीच नाही. मग मीच शोधून वाचलं. जे समजलं ते तुम्हालाही सांगते.

मोहॉक हे एका आदिवासी समाजाचं नाव आहे. हे लोक अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात आणि शेजारच्या कॅनडात राहतात. ते स्वतःला कानिएन्केहाका म्हणतात, म्हणजे गारगोटीच्या प्रदेशातले लोक. त्यांच्या समाजात कुळ आईकडून चालतं. मुखिया कोण व्हावा हे कुळातली ज्येष्ठ स्त्री ठरवते, आणि तो नीट वागला नाही तर त्याला पदावरून काढायचा अधिकारही तिचाच.

गंमत म्हणजे आज आपण जिला मोहॉक म्हणतो ती कपाळापासून मानेपर्यंतची पट्टी मुळात त्यांची नाहीच. तशी पट्टी ठेवणारे पॉनी नावाचे दुसरे लोक, तिथून फार दूर, तेव्हा नेब्रास्काकडे राहणारे. हॉलिवूडच्या चित्रपटांनी घोळ केला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. मोहॉक पुरुष डोक्याच्या मागच्या बाजूला केसांचा फक्त एक लहान चौकोन ठेवत. आणि बाकीचे केस ते वस्तऱ्याने काढत नसत, चिमटी-चिमटीने उपटून काढत.

हे वाचलं आणि मी थांबले. तुम्हीही थांबला असाल. उपटून काढलेले केस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकच दृश्य येतं. महाराज बसले आहेत, हाताला राख लावली आहे, आणि एक-एक मूठ केस स्वतःच्या हाताने निघतो आहे. दोन, तीन, फार तर चार महिन्यांनी केशलोच, आणि त्या दिवशी उपवास. मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांतला तो एक. मी काही दोन्ही गोष्टी एकच आहेत असं म्हणणार नाही. तिकडे ती योद्ध्याची खूण होती, इकडे देहाचा मोह सोडण्याची. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. डोकं ज्याचं, इच्छा त्याची.

आणि ही इच्छा हिसकावून घेतली की काय होतं, तेही ह्याच लोकांच्या इतिहासात आहे. अमेरिकेत 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथे आदिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा सुरू झाली. तशा शाळा मग अमेरिकेत आणि कॅनडात ठिकठिकाणी होत्या. मुलं आली की पहिलं काम म्हणजे त्यांचे लांब केस कापणं. मग त्यांची नावं बदलली जात, त्यांच्या भाषेवर बंदी येई. मोहॉक मुलं ज्या शाळेत जात, ती ऑन्टॅरिओ प्रांतातली ब्रँटफर्डची शाळा तर 1970 पर्यंत चालू होती. केस कापणाऱ्यांना वाटत होतं, आपण ह्यांना माणसात आणतो आहोत. "आता कसा छान दिसतोय" हे वाक्य तिथेही कोणीतरी म्हटलं असेल, असं मला वाटून गेलं.

आपल्याकडचं उदाहरणही विसरू नये. विधवांचं केशवपन ह्याच महाराष्ट्रात होत होतं. 1890 मध्ये सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिक बांधवांनी असं काम करायला नकार दिला. त्या बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरत होता आणि महाराजांच्या डोक्यावरचेही केस निघतात. बाहेरून पाहिलं तर दोन्ही डोकी सारखीच दिसतील. एक हिंसा आहे आणि एक तप. फरक फक्त एवढाच की कोणाच्या इच्छेने.

माझं मत म्हणून मी इतकंच सांगते. मोठ्या झालेल्या मुलाचे केस त्याच्या मनाविरुद्ध कापणं ही हिंसा आहे. लहान वाटली तरी आहे. आपण पाणी गाळतो, दिवे लागायच्या आत जेवतो, मुंगीला वाट देतो, आणि पोटच्या मुलाचे खांदे दाबून धरतो. मी धरले होते, म्हणून बोलते.

ह्याचा अर्थ मुलांना काहीच सांगायचं नाही, असा नाही. शाळेचा नियम असेल तर तो पाळायचा, कारण शाळेत नाव घालताना तो मान्य केलेला असतो. नोकरीच्या मुलाखतीला जाताना कसं जावं, हेही सांगावं. पण सांगणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं. सांगायचं तर आपल्याला त्यातलं थोडं कळायला हवं, नाहीतर मुलं ऐकत नाहीत. म्हणून अर्हमकडून शिकले ते मांडते. घरात कोणी हट्ट धरलाच, तर उपयोगी पडेल.

पहिल्यांदा करणाऱ्याला फो-हॉक सुचवा. त्यात बाजूचे केस तासत नाहीत, फक्त बारीक ठेवतात, आणि मधले इंच-दीड इंच. विंचरून खाली बसवले की साधा भांग, वर केले की तुरा. कॉलेज आणि आजी दोघांचं समाधान होतं. दुसरा प्रकार फेडचा. ह्यात कानाजवळ अगदी बारीक आणि वर जाताना दाट होत जातात, मधले दोन-तीन इंच. कुरळे केस असतील तर बर्स्ट फेड शोभतो, त्यात कानाभोवती अर्धगोल बारीक करतात आणि मधल्या कुरळ्यांना उभं करायला काही लावावंही लागत नाही. केस विरळ असतील तर पट्टी रुंद ठेवावी, अरुंद पट्टीत टाळू दिसते. चेहरा गोल असेल तर उंची थोडी जास्त चालते, लांबट असेल तर कमी. ज्यांचे केस लांब आहेत ते मधल्या पट्टीच्या बारीक वेण्याही घालतात. आणि बाजू पूर्ण तुळतुळीत करून मधले टोकदार भाल्यांसारखे उभे करायचे, हा इंग्लंडच्या पंक पोरांचा प्रकार. तो रोज सांभाळणं हेच एक काम होऊन बसतं.

हेही मुलाला आधी सांगा. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे बाजू नीट दिसायला दर दोन-तीन आठवड्यांनी सलून आलं, आणि ते पैसे त्याच्या खर्चातून. आपल्याकडच्या उन्हात उघडी टाळू भाजते, टोपी घालावी. आणि गाडीवर हेल्मेट घातलं की सगळा तुरा भुईसपाट. अर्हम पुण्यात गाडीवर फिरतो, त्याला मी म्हटलं, तुरा गेला तरी चालेल, हेल्मेट जाता कामा नये. ते त्याने लगेच मान्य केलं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम राहिले, ती म्हणजे डोक्याला काय लावतोस. त्याच्या बॅगेतली वॅक्सची डबी मी मागून घेतली आणि मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली. हेअर वॅक्समध्ये बऱ्याचदा मधमाश्यांचं मेण असतं. डबीवर ते बी-वॅक्स किंवा सेरा अल्बा ह्या नावाने लिहिलेलं असतं. आपण मध खात नाही, मग पोळ्याचं मेण डोक्याला कसं लावायचं? लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबट. केराटिन पिसं, लोकर, शिंगं ह्यांपासून काढतात. साध्या पारदर्शक जेलमध्ये हे सहसा नसतं, पण यादी वाचल्याशिवाय घेऊ नये. घरी करायचं तर दोन चमचे जवस कपभर गाळलेल्या पाण्यात उकळायचे. अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट झालं की गरम असतानाच स्वच्छ फडक्यातून गाळायचं. ताजं करून त्याच दिवशी वापरावं. उंच तुऱ्याला ते पुरत नाही, फो-हॉकला पुरतं.

अर्हमने डबीवरची यादी माझ्याबरोबर वाचली. बी-वॅक्स दिसल्यावर स्वतःच म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं, आई." डबी त्याने परत बॅगेत ठेवली नाही. केसांवरून भांडले असते, तर हे बोलणं झालंच नसतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पुन्हा विषय काढला. "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक दोन दिवस म्हणतील. सन्मती सहा वर्षं बोलत नाहीये." ह्यांनी पुढे काही म्हटलं नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं.

सकाळी अर्हम अभिषेकाला निघाला. मी फक्त एवढंच म्हटलं, मंदिरात जाताना डोक्याला काही लावलेलं नको. त्याने न्हाऊन केस ओले करून मागे बसवले, धोतर-दुपट्टा घालून गेला. मूळनायक आदिनाथ भगवान आहेत. त्यांच्या खांद्यांवर उतरलेल्या केसांवरून ती मूर्ती आपण लहानपणापासून ओळखतो. मी मागे उभी राहून बघत होते, आणि सन्मतीची आठवण येत होती.

लग्नाच्या दिवशी मात्र गंमत झाली. मुलीकडच्या सगळ्या पुरुषांना फेटे बांधले. ह्यांना बांधला, दिरांना बांधला, अर्हमला बांधला. चार दिवस ज्या तुऱ्यावरून घरात ताण होता, तो कोणा पाहुण्याला दिसलासुद्धा नाही. फेट्याचा तुरा मात्र सगळ्यांचाच उभा होता. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो तुरा चालतो व्हय रं तुम्हांला?" आणि हे पहिल्यांदा हसले.

लग्नाहून आल्यावर मी सन्मतीला फोन केला. दशलक्षण अजून लांब आहे, पण मला थांबवेना. म्हटलं, त्या दिवशी मी तुला धरायला नको होतं. मला क्षमा कर. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं, आई." आणि थोड्या वेळाने, "अर्हमचा फोटो पाठव की."

मी पाठवला.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात आज कोणी तुरा काढून आला असेल, तर आधी त्याला जेवायला वाढा. केसांचं नंतर बोलता येतं.

जय जिनेंद्र.