तान्ह्या बाळाचें झबलें

तान्ह्या बाळासाठीं कपडे घ्यावयास दुकानांत जावें, तों दुकानदार प्रथम विचारतो, "मुलगा कीं मुलगी?" उत्तर मिळतांच निळ्या किंवा गुलाबी कपड्यांचा ढीग पुढें येतो. हा भेद फार प्राचीन आहे अशी पुष्कळांची समजूत दिसते. ती आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेंत १९१८ सालीं एका व्यापारी मासिकानें गुलाबी रंग मुलग्यांस व निळा मुलींस शोभतो असें छापिलें होतें! पुढें राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या १८८४ मधील छायाचित्रांत तर त्यांच्या अंगांत चक्क पांढरा झगा आहे.

आपल्याकडे तरी काय होतें? आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचें दुपटें, बंदांचें झबलें, कुंची. भावाची बहिणीस येत, बहिणीचीं भावास. बाळास हवें सुती कापड, सैल बाही, न टोंचणारी शिवण. रंग त्यास काय कळे?

मुलींचा जीव वांचावा म्हणून जन्मापूर्वीं हाच प्रश्न विचारण्यास १९९४ च्या कायद्यानें बंदी केली. तेव्हां आधीं शिवून ठेवावयाचें झबलें पिवळें वा पांढरें असण्यास अडचण कोणती? थोरल्याचीं निळीं झबलीं पेटींत ठेवून धाकटीसाठीं उसनवारीनें गुलाबी घेणारे पालक आमच्या पाहण्यांत आहेत.