विश्लेषण : वाईन, दारू आणि ‘मद्यराष्ट्र’... नाशिकचा धंदा एका शब्दावर कसा अडला?

किमान १०० चौरस मीटरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी मंजुरी दिली. नाशिकच्या वायनरींना हवा होता तसाच हा निर्णय. पण पुढे गाजला तो एकच प्रश्न : वाईन ही दारू आहे की नाही?

आधी कोणता शब्द होता?

राज्याने वाईनसाठी २००१ मध्ये धोरण आणले, त्याचे नाव होते ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’. नावात ना वाईन, ना मद्य. विषय थेट बागायतदाराच्या बांधावर नेऊन ठेवणारा हा शब्द होता. विंचूर आणि पलूसचे वाईन पार्क याच काळातले.

कंपन्यांनीही शब्द जपून वापरले. राजीव सामंत यांनी ‘सुला’ हे नाव आईच्या, सुलभा या नावावरून घेतले. २००५ मध्ये नाशिकला पाहुण्यांसाठी जागा उघडली, ती ‘टेस्टिंग रूम’ म्हणून. ‘बार’ अशी पाटी असती, तर रविवारी गंगापूर धरणाकडे निघालेल्या किती कुटुंबांनी गाडी आत वळवली असती? मद्याची उघड जाहिरात करता येत नाही, तिथे पाटीवरचा शब्दच गिऱ्हाईक आणतो.

मग २०२२ मध्ये काय बिनसले?

वाईन म्हणजे दारू नव्हे, अशी बाजू संजय राऊत यांनी मांडली. तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द वापरला. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. राऊतांचे म्हणणे समजावून सांगावे लागत होते. ‘मद्यराष्ट्र’ कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

पण हरण्याचे खरे कारण यमक नव्हे. वाईनच्या बाटलीवरच मद्यपानाचा वैधानिक इशारा छापलेला असतो. परवाना उत्पादन शुल्क खात्याचा, अल्कोहोल साधारण १२-१३ टक्के. ज्या राज्यात बायका दारूचे दुकान बंद करण्यासाठी ‘आडवी बाटली’ला मत देतात, तिथे ही दारूच नाही असे सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याला अडाणी समजणे. ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्दही सैलच होता. नाशिकची बहुतांश द्राक्षे खाण्याची. वाईनच्या वाणांचा वाटा लहान.

वाईन हे मद्यच आहे, सौम्य आहे, विक्री अमुक अटींवर होईल आणि अमुक शेतकऱ्यांना त्याचा फायदा होईल, एवढे सरळ सांगितले असते तरी विरोध झालाच असता. पण तो अटींवर झाला असता, आणि अटींवर तडजोड होते.

पुढे काय झाले?

मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या. जूनमध्ये सरकारच गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुला शेअर बाजारात आली. गुंतवणूकदारांसाठीच्या दस्तऐवजात मद्यावरचे कर, परवाने आणि निर्बंध जोखीम म्हणून मांडलेले होते. तिथे वाईन मद्य आहे हे लपवायची गरज कुणाला वाटली नाही.