नववीच्या मुलांसाठी एक तास

मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे
यांस,



दहावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला. मार्च २०२५च्या परीक्षेत मुली ९६.१४ टक्के आणि मुलगे ९२.३१ टक्के उत्तीर्ण झाले. मुलींचं कौतुक व्हायलाच हवं. पण हा हिशेब परीक्षेला बसलेल्यांचा. नववीतच गळालेला मुलगा या टक्केवारीत कुठेच नसतो, आणि तो कसा गळतो हे माध्यमिक शाळेतल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ आठवी पूर्ण होईपर्यंत कोणालाही शाळेतून काढू देत नाही. नववीत हे संरक्षण संपतं. तिथून शाळेला दहावीच्या निकालाची काळजी लागते. दोनदा मारामारी केलेल्या मुलाच्या वडिलांना बोलावून गोडीगुलाबीने सांगितलं जातं, दाखला घेऊन जा, पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येईल. तो फॉर्म भरणारे थोडेच. बाकीचे गॅरेजात, वीटभट्टीवर, नाहीतर आईबापाबरोबर ऊसतोडीला.

कागदावर कारण ‘अभ्यासात कच्चा’ असं असतं. मी माध्यमिक शाळेत शिकवतो, आणि गेलेल्या मुलांपैकी अनेकजण गणितामुळे नव्हे तर एखाद्या दोन मिनिटांच्या भांडणामुळे गेलेले पाहिले आहेत. कोणी बापाच्या दारूवरून बोललं. कोणी थकलेली फी भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. मुलाचा हात उठला, पुढचं सगळं शिस्तीच्या खात्यात जमा झालं. त्याला त्या क्षणी लाज वाटली होती, राग नंतरचा. पण पाच वर्षांचा असल्यापासून ‘पोरीसारखा रडतोस काय?’ ऐकत आलेल्या मुलाला लाज, भीती, भूक, अपमान हे वेगवेगळे ओळखायला कोणी शिकवलेलंच नसतं. सगळ्यावर त्याचं उत्तर एकच, ‘डोकं फिरलं, सर.’

हे शिकवता येतं का? शिकागोतल्या ‘बिकमिंग अ मॅन’ या उपक्रमाकडे पाहावं. ‘युथ गायडन्स’ ही संस्था तो गरीब, हिंसाग्रस्त वस्त्यांतल्या सरकारी शाळांत चालवते. आठवड्यातून एक तास, तोही शाळेच्या वेळेतच. मुलं गोल करून बसतात, आज मी कसा आहे ते एकेकजण सांगतो, आणि गट घेणारा माणूस स्वतःचंही सांगतो. एक खेळ तर अगदी साधा आहे. दोघांची जोडी, एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याने तीस सेकंदांत ती मूठ उघडवायची. जवळजवळ सगळे झोंबाझोंबी करतात, बोटं पिरगाळतात. मग गटप्रमुख विचारतो, नुसता मागितला का नाहीस? मुलगा म्हणतो, मागून त्याने दिलाच नसता, मला भित्रा समजला असता. आणि ज्याच्या मुठीत चेंडू असतो तो बहुतेक वेळा म्हणतो, दिला असता की, चेंडूच तर आहे.

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी या उपक्रमाच्या दोन चाचण्या घेतल्या. कोणाला उपक्रम मिळेल हे सोडत काढून ठरवलं होतं, म्हणून त्या आकड्यांना वजन आहे. उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. पहिल्या चाचणीतल्या मुलांचा पुढे माग काढला, तेव्हा शालान्त पदवी पुरी करण्याचं प्रमाण १२ ते १९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. पण त्याच चाचणीत अटकांवरचा परिणाम उपक्रम थांबल्यावर टिकलेला दिसला नाही. म्हणजे हे एकदा टोचून विसरायचं काम नव्हे, चालू ठेवावं लागतं.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत २००९ साली ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. मुंबईच्या महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर हिंसा आणि पुरुषपणाच्या कल्पनांवर ‘जेम्स’ या प्रकल्पात मोकळेपणाने चर्चा झाल्या. पण दोन्हींचा भर लहान वर्गांवर होता. मिसरूड फुटते, आवाज फुटतो, शाळा नकोशी होते, तेव्हा आमच्या हाती उरतात ते परिपाठातले सुविचार. सुविचार फळ्यावर लिहिणाऱ्या मुलाचं अक्षर सुधारतं, एवढा अनुभव मला आहे.

म्हणून मागणी करतो. आठवी आणि नववीच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास द्यावा. तो शाळा सुटल्यावर नको, कारण ज्यांच्यासाठी हे करायचं ती मुलं तेव्हा कामावर असतात. दहा-बारा जणांचा गट असावा. त्यात फक्त ‘वाया गेलेली’ निवडू नयेत, दोन हुशार आणि चार मधलीही असावीत, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गटाला नाव पडेल. गुण नकोत, पुस्तक नको, आणि हात जोडून सांगतो, फोटो अपलोड करण्याची लिंक नको. मुलींनाही हा तास हवा का? हवा, पण त्यांच्या गटातले प्रश्न त्यांनाच ठरवू द्या.

हा तास वर्गशिक्षकाने घेऊ नये असं माझं मत आहे. ज्याच्या हातात मुलाचा निकाल आणि दाखला, त्याच्यासमोर मुलगा रडणार नाही. शिकागोत हे काम शाळेतच बसणारे समुपदेशक करतात. आपल्याकडे समाजकार्य महाविद्यालयांतून दरवर्षी तरुण बाहेर पडतात, त्यांना मानधनावर घेता येईल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आपल्याच अखत्यारीत आहेत, तिथे त्यांची तयारी करून घेता येईल. दोन दिवसांचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि शेवटी प्रमाणपत्र, असं मात्र करू नये.

सगळ्या राज्यात एकदम नको. येत्या जूनमध्ये एक जिल्हा घ्या, निम्म्या शाळा सोडत काढून निवडा. वर्षअखेरीला मुलांना ‘आनंदी वाटतं का’ असली प्रश्नावली देऊ नका. दोन्ही निम्म्यांत नववीतून किती दाखले गेले, सतरा नंबरचे किती फॉर्म भरले गेले आणि दहावीच्या वर्गात पटावर किती मुलगे आले, एवढंच मोजा आणि जो येईल तो आकडा जाहीर करा.

आपला विश्वासू,
एक माध्यमिक शिक्षक