मूकपटातील मूकनायक



रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल, धुरळा उडवीत दौडणारा घोडा आणि गावे लुटणारे दरोडेखोर. अशा अमेरिकन चित्रपटांना 'वेस्टर्न' म्हणतात. १९०३ साली निघालेला 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' हा सुमारे बारा मिनिटांचा मूकपट त्यांचा आद्य नमुना समजला जातो. पुढे अशी शेकडो चित्रे निघाली. त्यांतला शूर काऊबॉय बहुधा गोराच. काळा माणूस दिसलाच तर नोकर, नाहीतर हसे करून घेणारा.

आता खरा इतिहास पाहा. काऊबॉय म्हणजे गुराखी. टेक्साससारख्या प्रांतांत गुरांचे हजारोंचे कळप हाकणाऱ्यांत काल-परवापर्यंत गुलाम असलेले कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते. दर चार गुराख्यांमागे एक काळा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कष्टाला ते चालले, पडद्यावर मात्र त्यांना जागा नव्हती. हा न्याय आपल्या समाजाला नवा नाही.

बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढले, कारण इतरांच्या पत्रांत आपल्या सुखदुःखाला जागा नव्हती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२२ साली, अमेरिकेत 'द क्रिम्झन स्कल' म्हणजे 'लाल कवटी' हा मूकपट झळकला. त्यात नायक काळा, नायिका काळी आणि दरोडेखोरही काळेच. जाहिरातीत तीस कृष्णवर्णीय काऊबॉय असल्याचे अभिमानाने छापले होते. निर्माता रिचर्ड नॉर्मन हा फ्लोरिडातील गोरा गृहस्थ. धंदा त्यालाही करायचा होताच; पण काळ्या प्रेक्षकाला पडद्यावर स्वतःचा मान पाहायचा आहे, हे त्याने ओळखले.

चित्रण झाले ओक्लाहोमा राज्यातील बोली या गावी. १९०३ साली वसलेले हे गाव काळ्यांचे. दुकानदार काळा, बँकवाला काळा, कारभारीही काळाच. त्याच राज्यात तल्सा शहरातील काळ्यांची भरभराटलेली वस्ती १९२१ साली गोऱ्या जमावाने जाळून बेचिराख केली होती. अशा दिवसांत आपले गाव आपणच राखतो, हे पडद्यावर दाखवणे ही साधी करमणूक नव्हती. चित्रपटाची कथाही तीच. कवटीचे सोंग घेतलेल्या सरदाराची टोळी गावाला सळो की पळो करते आणि नायक त्या टोळीत शिरून तिचा बीमोड करतो.

नायिका होती अनिता बुश. या बाईने १९१५ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत स्वतःची नाटक मंडळी उभी केली. त्या वर्षी आपले बाबासाहेब हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. दुसरा कलावंत बिल पिकेट, गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा. धावत्या घोड्यावरून बैलावर झेप घ्यायची, शिंगे पिरगाळायची आणि त्याचा ओठ दातांत धरून त्याला लोळवायचे, ही त्याची कसरत देशभर गाजली.

आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. २३ नोव्हेंबर १९३२ रोजी याच बोलीच्या बँकेवर खरेखुरे दरोडेखोर चालून आले. बँकेचे अध्यक्ष टर्नर यांनी धोक्याची घंटा वाजू दिली. म्होरक्या बर्डवेलने त्यांना गोळी घातली. तेव्हा तिजोरीच्या खोलीत असलेले हिशेबनीस मॅकॉर्मिक यांनी बंदूक उचलून बर्डवेलला तेथेच आडवा केला. त्याच्या साथीदारांचा समाचार गावकऱ्यांनी घेतला. टर्नर मात्र वाचले नाहीत. आम्ही स्वतः कारकुनी करतो. दिवसभर खतावणीवर मान घालून बसणाऱ्या माणसाची ही हिंमत वाचून आमची छाती अभिमानाने फुगली.

मात्र 'लाल कवटी' हा चित्रपट आज आपल्याला पाहता येत नाही. त्या काळच्या असंख्य मूकपटांप्रमाणे तोही जपला गेला नाही. पोस्टरे राहिली, चित्रपट गेला. बिल पिकेटची कथा तर याहून बोलकी. १९९४ साली अमेरिकन टपाल खात्याने त्याच्या सन्मानार्थ तिकीट छापले. नाव बिलचे, पण चेहरा त्याच्या भावाचा! छापलेली तिकिटे परत मागवून नवी काढावी लागली. फोटोतला माणूस नेमका कोण, याची खातरी कोणी करून घेतली नव्हती.

बंधू-भगिनींनो, येथे आपण सावध व्हायला हवे. १९५६ च्या धम्मदीक्षेला पायी गेलेले आजोबा, भीमजलशात ढोलकी वाजवणारे मामा, महिला मंडळ चालवणारी आत्या यांचे फोटो आपल्या घरोघरी ट्रंकेत पडून आहेत. त्यांना ओळखणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत. येत्या रविवारी ती ट्रंक उघडा. घरातल्या थोरांना जवळ बसवून प्रत्येक फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा. जलशाची वही, परिषदेचे पत्रक, जुना अंक रद्दीत घालू नका.

आपल्या माणसांचे चेहरे आपणच ओळखून ठेवले नाहीत, तर उद्या कोणीतरी आपल्या नावावर भलताच चेहरा छापील. जयभीम!